उपकार, आभार आणि कमिटीचं मत

एका भगिनीचं लांबलचक पत्र आलं आहे. नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा गाभा देते.

‘ताई, सलाम. आमची मंडळी, म्हणजे चर्च, जुनी, मिशनच्या काळातली. दोन वर्षांपूर्वी माझ्या मिस्टरांना हार्ट अटॅक आला, बायपास करावी लागली. रात्री उशिरा हॉस्पिटलने डिपॉझिट मागितलं तेव्हा आमच्या हातात रिक्षाभाड्यापलीकडे काही नव्हतं. मंडळीतले एक वडीलधारे सभासद, सगळे त्यांना दादाच म्हणतात, धावत आले. पैसे भरले, पहाटेपर्यंत बाकड्यावर बसून राहिले. पुढच्या रविवारी मंडळीने खास अर्पण घेतलं. महिला मंडळाने कितीतरी दिवस डबा पोचवला. मिस्टर वाचले. देवाचे उपकार मी विसरले नाही आणि माणसांचेही नाही.

पण तेव्हापासून कुठल्याही घरगुती प्रार्थनासभेत दादा प्रार्थनेला उभे राहिले की म्हणतात, “प्रभू, त्या रात्री तू मला या कुटुंबासाठी उठवलंस.” सगळे आमेन म्हणतात आणि मिस्टर मान खाली घालतात. पूर्वी ते उपासनेत तबला वाजवायचे. आता शेवटच्या बाकावर बसतात आणि आशीर्वाद झाला की कोणाशी न बोलता बाहेर पडतात. कॉलेजात जाणारी मुलगी म्हणते, “आपण मंडळीतलं दयेचं उदाहरण झालोय, मी नाही येणार.”

आता मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीची निवडणूक आहे. दादा उभे आहेत. त्यांच्या मिसेस घरी येऊन “तुमची मतं काय, घरचीच” असं म्हणून गेल्या. खरं सांगू? मला दुसऱ्या एक उभ्या आहेत त्या रिटायर्ड नर्सबाई जास्त योग्य वाटतात. त्यात पाळकसाहेबांनी उपकारस्तुतीच्या रविवारी मला साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आमच्यासाठी काय केलं ते सर्वांसमोर बोलायला, सांगितलंय आणि दादांचा निरोप आहे की “सगळं सविस्तर सांगा.” मिस्टर म्हणतात, दागिने मोडू, दादांचे पैसे तोंडावर टाकू आणि मोकळं होऊ. जाऊबाई एका नव्या फेलोशिपमध्ये जातात, त्या म्हणतात तिकडेच या. ताई, आम्ही कृतघ्न आहोत का?’

प्रिय भगिनी, सलाम.

कृतघ्न नाही. पण तुमचं पत्र दोनदा वाचून मी त्यात एक गोष्ट शोधत राहिले. तुम्ही दोघांनी दादांचे आभार मानले कधी? हॉस्पिटलच्या गडबडीत हात जोडले असतील, डिस्चार्जच्या दिवशी ‘तुमच्यामुळे झालं’ म्हणाला असाल. ते मी धरत नाही. घरी जाऊन, खुर्चीत बसून, त्यांनी नेमकं काय केलं ते त्यांना सांगून आभार मानले का? पत्रात तसं कुठे दिसत नाही. मिस्टरांचा स्वभाव तुमच्या लिहिण्यातून जेवढा कळतो, त्यावरून मला वाटतं, त्यांनी लाजेपोटी तो विषयच टाळला असावा.

हे दादांची बाजू घ्यायला म्हणत नाही. प्रार्थनेत स्वतःचा उपकार मोजून दाखवणं मला अजिबात आवडत नाही आणि त्याबद्दल पुढे लिहिणारच आहे. पण माणसांत एक गोष्ट दिसते. ज्याच्या कामाची पोच कोणी दिली नाही, तो ती पोच स्वतःच वाचून दाखवू लागतो. दादांचं तसं झालंय की त्यांना मोठेपणाच मिरवायचाय, हे मला इथे बसून कळणार नाही. तुम्हाला कळेल, पण आधी आभार मानून पाहिल्यावर.

म्हणून पहिलं काम हे. निवडणुकीच्या आधी, पण निवडणुकीसाठी नव्हे, दोघांनी त्यांच्या घरी जा. चर्चच्या आवारात नको, तिथे चार जण ऐकतात आणि आभारालाही रंग चढतो. मिस्टरांनीच बोलावं. ‘दादा, त्या रात्री तुम्ही आला नसता तर मी आज इथे बसलो नसतो. तुम्ही पैसे भरले, ते तर आहेच. पण पहाटेपर्यंत हिच्यासोबत थांबलात, ते मला नंतर हिने सांगितलं. मी आजवर नीट बोललो नाही, आज बोलायला आलो.’ एवढं पुरे. आपल्याकडे यापुढे एक वाक्य सवयीने तोंडात येतं: ‘तुमच्या शब्दाबाहेर नाही आम्ही.’ तेवढं तेवढं गिळा. बोलताना नम्र वाटतं, पण ऐकणारा ते वचन म्हणून ठेवून घेतो आणि निवडणुकीच्या महिन्यात काढून दाखवतो.

लूकच्या शुभवर्तमानातल्या सतराव्या अध्यायातले दहा कुष्ठरोगी तुम्हाला संडे स्कूलपासून पाठ असतील. दहा बरे झाले, एकटा परत आला, तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांना परका. आपले उपदेशक दर वर्षी त्या नऊ जणांवर तुटून पडतात. येशूने विचारलं, ते नऊ कुठे आहेत? पण नऊ जणांचं बरं होणं त्याने काढून घेतलं नाही. आणि जो परत येऊन पायाशी पडला त्याला काय सांगितलं? ऊठ आणि जा, तुझ्या विश्वासाने तुला बरं केलं आहे. आता माझ्यामागे ये, माझी बाजू घे, असं काही त्याच्या माथी मारलं नाही. आभार ऐकून घेतले आणि त्याला त्याच्या वाटेने जाऊ दिलं. मंडळीत आपण एकमेकांना मदत करतो तेव्हा हा शेवटचा भाग बहुतेक वेळा राहून जातो.

आता मताचं. तुम्ही नर्सबाईंना मत द्या. तुमच्या विवेकाला त्या योग्य वाटतात ना, मग प्रश्न मिटला. दादांनी तुमच्या मिस्टरांचा जीव वाचवायला मदत केली म्हणून ते मंडळीचे हिशेब, पाळकसाहेबांची घरदुरुस्ती आणि कब्रस्तानच्या जागेचे कागद नीट सांभाळतील, असं कुठे आहे? दोन वेगळी कामं, त्यांना लागणारे गुणही वेगळे.

तरी तुमच्या मनात खुटखुट राहील, म्हणून पौलाचं, मंडळ्यांना पत्रं लिहिणाऱ्या प्रेषिताचं, उदाहरण देते. फिलिप्पैच्या मंडळीने त्याला एकदा नव्हे, अनेकदा पैसे पाठवले. तो कैदेत असताना एपफ्रदीताच्या हाती पुन्हा पाठवले आणि हा एपफ्रदीत त्या कामापायी मरता मरता वाचला. फिलिप्पैकरांच्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल याची पोच देतो, अगदी पावती फाडल्यासारखी: मला सगळं मिळालं, भरपूर झालं. पण त्याच अध्यायाच्या सुरुवातीला तो त्याच मंडळीतल्या युवदीया आणि सुंतुखे या दोघींना नाव घेऊन सांगतो की आपसात एकचित्त व्हा. ज्यांचं अन्न खाल्लं त्यांच्याच मंडळीतलं भांडण त्याने सर्वांसमोर वाचल्या जाणाऱ्या पत्रात काढलं. घेतलेल्या मदतीने त्याचं तोंड बंद झालं नाही, आणि त्या लोकांनीही ते पत्र जपून ठेवलं, म्हणून तर ते आपल्या हातात आहे.

करिंथात मात्र त्याने पैसे घेतले नाहीत. तंबू शिवून पोट भरलं आणि त्याचा त्या लोकांना रागही आला. त्या काळची रोमी शहरं कशी चालायची ते लक्षात घेतलं तर हा हट्ट कळतो. श्रीमंत माणूस आश्रयदाता. त्याचे आश्रित सकाळी उठून त्याच्या दारात मुजऱ्याला जायचे आणि तो सांगेल त्याच्या बाजूने उभे राहायचे. करिंथात प्रभुभोजनालासुद्धा काही जण पोटभर खाऊन बसत आणि काही उपाशी राहत, हे पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात आहे. अशा ठिकाणी पैसे घेणं म्हणजे कोणाच्या तरी दाराशी बांधून घेणं. पौलाने माणसं पाहून ठरवलं कुठे घ्यायचं आणि कुठे नाही. तुम्हाला त्या रात्री तशी निवड करायला सवड नव्हती. नवरा आत, तुम्ही बाहेर. त्यामुळे ‘घेतलंच कशाला’ असा दोष स्वतःला लावू नका.

शास्त्र जाणणारा कोणी म्हणेल, ताई, फिलेमोनाच्या पत्रात पौलाने स्वतः उपकाराची आठवण करून दिली आहे, त्याचं काय? बरोबर आहे, दिली आहे. ते पत्र एका पानाचं, पण आपल्या विषयासाठी पवित्र शास्त्रात त्याच्याइतकं जवळचं काही नाही. सुरुवातीलाच पौल म्हणतो, तुझी प्रीती आणि तुझा विश्वास यांविषयी ऐकतो, म्हणून मी प्रार्थनेत तुझी आठवण करून देवाचे आभार मानतो. मग मुद्द्यावर येतो. फिलेमोनाचा पळालेला दास अनेसिम पौलाला भेटला, विश्वासी झाला. त्याला परत पाठवताना पौल लिहितो, याला दास म्हणून नव्हे, प्रिय बंधू म्हणून घे. आणि एकोणिसाव्या वचनात ते अवघड वाक्य येतं, की तू स्वतःच माझ्या ऋणात आहेस, हे मी म्हणत नाही. म्हणत नाही म्हणून म्हणणं! पौलही माणूसच, आणि बोलण्यात वस्ताद.

पण तो हे कशासाठी वापरतो ते पाहा. स्वतःसाठी काही मागत नाही. ज्याच्या पाठीशी कोणी नाही अशा एका दासासाठी मागतो. त्याने तुझं काही नुकसान केलं असेल तर माझ्या नावावर मांड, मी फेडीन, असं स्वतःच्या हाताने लिहून देतो. आणि आधी चौदाव्या वचनात सांगून टाकतो की तुझ्या संमतीशिवाय मला काही करायचं नाही, तुझ्या हातून चांगलं घडावं ते जुलमाने नको, राजीखुशीने घडावं. दादांनी उद्या तुम्हाला सांगितलं असतं, ‘मी तुमच्यासाठी रात्र जागलो, आता त्या पलीकडच्या वस्तीतल्या आजारी बाईसाठी तुम्ही जागा,’ तर मी म्हटलं असतं, उठा आणि जा. कमिटीतली खुर्ची त्या रांगेत बसत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. तुमच्याकडे मतदान हात वर करून होत असेल तर सभेच्या आधी पाळकसाहेबांना भेटून चिठ्ठीने घ्या अशी विनंती करा. कारण सांगायची गरज नाही. तुमच्यासारखी आणखी चार घरं असतील, त्यांचीही सोय होईल. दादांच्या मिसेस पुन्हा आल्या तर चहा द्या आणि म्हणा, ‘वहिनी, आम्ही प्रार्थना करून मत देऊ.’ खोटं होकारार्थी हसू नका.

इथे थोडं आपल्या घराण्यांबद्दल बोलते, कारण हा प्रश्न एकट्या तुमच्या मंडळीचा नाही. नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये आलं. पुढे १८७६ ते ७८ चा दुष्काळ, मग १८९६-९७ आणि त्याच्या मागोमाग १८९९-१९०० चा. आपल्यापैकी अनेकांच्या पणजोबा-पणजींना त्या दिवसांत मिशनच्या अंगणात भाकरी, औषध आणि शाळा मिळाली. बाहेरचे म्हणाले, पोटासाठी बाटले. त्या टोमण्याला उत्तर देण्यात आपण एवढे गुंतलो की आतली एक सवय बघायची राहिली: देणारा मायबाप आणि घेणारा लेकरू. मिशनरी साहेब गेले, १९७० साली नागपूरला अनेक चर्चना एकत्र आणणारी उत्तर भारताची मंडळी (सीएनआय) स्थापन झाली, कारभार आपल्या हाती आला. मायबापाची खुर्ची मात्र रिकामी राहिली नाही. गावोगावच्या मंडळ्यांत कोणी ना कोणी दादा, अण्णा, साहेब तिच्यावर बसले. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांना मंडळीने परक्याच्या ओंजळीने पाणी पिणं सलत होतं. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ हा मिशनवर न विसंबणारा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभारायला घेतला. दोनच वर्षांत ते गेले. आपण त्यांची भजनं गातो, झांजा वाजवतो, पण त्या नोकरी सोडण्याचा विचार फारसा करत नाही.

त्याच दुष्काळांतलं दुसरं उदाहरण जास्त धरून ठेवण्यासारखं आहे. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतातून उपाशी मुली आणून केडगावला ठेवल्या. १९०० च्या सुमाराला गुजरातच्या दुष्काळातल्या शेकडो मुली आल्या, तेव्हा त्यांना न्हाऊ-माखू घालायला आधीच्या मुली तिथे होत्या. ज्यांनी घेतलं होतं त्यांनी ते पुढच्यांना दिलं. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी मागताना हेच सांगतो: आज तुमच्या भरपुरीतून त्यांची गरज भागेल, उद्या त्यांच्या भरपुरीतून तुमची. या हिशेबात आश्रयदाता कोणी नाही, फक्त पाळी बदलते. आज तुमची घेण्याची पाळी होती.

यावरून दागिन्यांकडे येते. मोडू नका. निदान आत्ता तरी नको आणि ‘तोंडावर टाकायला’ तर मुळीच नको. आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या, जी तुम्ही पत्रात दोन्ही प्रकारे लिहिली आहे. दादांनी भरलेलं डिपॉझिट ही मदत होती की हातउसने? मंडळीच्या खास अर्पणातून ते त्यांना परत दिलं गेलं का? खजिनदारांना माहीत असेल. पण सरळ दादांनाच विचारलेलं बरं, त्याच भेटीत, आभारानंतर: ‘दादा, ते पैसे तुम्ही देणगी म्हणून दिले की उसने? उसने असतील तर आम्ही हप्त्याने फेडू.’ उसने म्हणाले तर महिना ठरवा, रक्कम ठरवा, वहीत लिहा, फेडा. त्यात अपमान काही नाही. देणगी म्हणाले तर ती देणगीच राहू द्या. देणगी परत करणं म्हणजे ज्याने प्रेमाने दिलं त्याला ‘तुझं प्रेम नको’ सांगणं, आणि त्या रात्री तरी दादांनी प्रेमानेच दिलं होतं. पुढे काय झालं ते पुढचं.

मिस्टरांना काही तरी फेडल्याशिवाय चैन पडणार नाही हे मला कळतं. मग मंडळीत आजाऱ्यांसाठी निधी असेल तर त्यात दर महिन्याला पाकिटातून टाका. शंभर रुपये का असेनात, पण नाव न घालता. रोमकरांच्या तेराव्या अध्यायात कोणाच्याही ऋणात राहू नका म्हटलंय, एकमेकांवर प्रीती करण्याचं ऋण सोडून. ते ऋण कोणा एकाचं नाही, त्यामुळे त्याचा वसुलीदारही कोणी होऊ शकत नाही. निधी नसेल तर नर्सबाई निवडून आल्यावर त्यांच्याकडे पहिली मागणी हीच करा.

आणि तो निधी कसा चालवायचा यावर माझं मत ठाम आहे. कोणाला किती दिलं ते उपासनेत जाहीर करायचं नाही. हिशेब दोघांनी ठेवायचा आणि कमिटीने तपासायचा. पौलाने वर्गणीच्या बाबतीत आपल्यासोबत तीत आणि आणखी बंधू पाठवले, कारण कोणी बोट ठेवू नये असं त्याला वाटत होतं. हिशेब उघडा हवा, घेणाऱ्याचं नाव झाकलेलं. आपल्याकडे नेमकं उलट चालतं. वार्षिक अहवालात ‘अमुक कुटुंबास आजारपणासाठी मदत’ असं छापून येतं आणि खर्चाच्या पावत्या मात्र सापडत नाहीत.

दुसरं, त्या निधीपाशी सरकारी योजनांची माहिती असलेलं कोणी हवं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत, यादीतल्या रुग्णालयात गेलं तर बायपाससुद्धा बसते. धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्या रात्री रेशनकार्ड कुठे आहे आणि कुठल्या हॉस्पिटलला न्यायचं हे विचारणारं एक माणूस तुमच्याजवळ असतं, तर कदाचित एवढ्या उपकाराची वेळच आली नसती. तुमच्या त्या नर्सबाई हे करू शकतील, म्हणूनही त्या मला आवडल्या.

साक्षीबद्दल. द्यायचीच असं नाही. ‘पाळकसाहेब, या वर्षी नको, मन तयार नाही’ एवढं म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे. पण मला वाटतं तुम्ही द्यावी आणि ती तुमच्या पद्धतीने. रोमकरांच्या पत्राचा सोळावा अध्याय आदल्या रात्री वाचा. वंशावळीसारखा रुक्ष समजून आपण तो गाळतो. त्यात पौल वीस-पंचवीस माणसांना नावानिशी सलाम सांगतो. किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी, जिने पुष्कळांना मदत केली. प्रिस्का आणि अक्विला, ज्यांनी त्याच्यासाठी स्वतःचा जीव धोक्यात घातला. मरिया, जिने फार श्रम केले. रूफाची आई, जी मलाही आईसारखी आहे असं तो लिहितो. कोणाला एक ओळ, कोणाला अर्धी. फिबीचं नाव पहिलं आहे, पण तिची पाटी सगळ्या अध्यायावर लावलेली नाही.

तुमची साक्ष तशी करा. रात्री पैसे भरणारे आणि थांबणारे दादा. डबा घेऊन येणाऱ्या बायका, एकेकीचं नाव घेऊन. रक्त द्यायला आलेला मुलगा असेल तर तो. रात्री तुमच्या मुलीला आपल्या घरी झोपवणारी शेजारीण ख्रिस्ती नसेल तरी तिचंही नाव घ्या, अवश्य घ्या. आणि ज्या म्हाताऱ्या आजीकडे द्यायला काही नव्हतं पण जी रोज विचारायला यायची, ती. प्रत्येकाने काय केलं ते एका वाक्यात. दादांना त्यांचा पूर्ण वाटा मिळेल, एक कणही कमी नाही, पण रांगेत. मग देवाचे आभार आणि खाली बसा. चार मिनिटांच्या वर नको. लिहून न्या, कारण रडू आलं की माणूस ठरवलेल्यापेक्षा जास्त बोलून जातो. हॉस्पिटलचं बिल, घरातली अडचण, मिस्टरांच्या छातीवरचा टाका यातलं काही सविस्तर सांगायची गरज नाही, कोणाचा कितीही निरोप असला तरी. थेस्सलनीकाकरांना लिहिताना पौल पुन्हा पुन्हा देवाचे आभार मानतो, ते त्यांचा विश्वास वाढतो आहे आणि एकमेकांवरची प्रीती वाढते आहे म्हणून. रकमेचा आकडा त्यात कुठे येत नाही.

राहिला दादांच्या प्रार्थनेचा विषय. आभाराच्या भेटीनंतर काही आठवडे जाऊ द्या. ती प्रार्थना आपोआप थांबली तर देवाची स्तुती करा आणि विषय काढू नका. थांबली नाही तर मिस्टरांनी एकट्याने, मत्तयाच्या अठराव्या अध्यायात सांगितलंय तसं, दादांना बाजूला घेऊन सांगावं: ‘दादा, माझ्यासाठी प्रार्थना करत राहा. पण त्या रात्रीचा उल्लेख सर्वांसमोर नको, मला अवघड होतं, पोरगी चर्चला येईनाशी झालीय.’ शेवटचं वाक्य नक्की सांगा. दादांना कदाचित ते माहीतच नसेल. तुम्ही दोघी बायकांनी हे एकमेकींत बोलू नका, वहिनींमार्फत निरोप गेला की त्याचं भलतंच होतं. मिस्टरांच्या सांगण्याचाही उपयोग झाला नाही तर पाळकसाहेब आहेत, ते त्यांचं कामच आहे.

मिस्टरांना तबल्यावर बसवा. डॉक्टरांनी वजन उचलू नका सांगितलं असेल तर तबला-डग्गा दुसरा कोणी आणून ठेवील, त्यात काय एवढं. भजनाला ठेका हवाच असतो आणि सध्या कोण वाजवतंय ते तुम्हीच लिहिलंय: पेटीवाल्याचा भाचा, मोबाइलवरचं तालमाला ॲप लावून! जो माणूस मंडळीला काही देतो तो मान वर करून बसतो. गेली दोन वर्षं त्यांनी फक्त घेतलंय असं त्यांना वाटतंय, खरं दुखणं तिथे आहे. दादा नंतर.

मुलीला चर्चला ओढू नका. तिचं म्हणणं तिखट आहे, पण खोटं नाही, आणि तुम्ही तसं तिला एकदा कबूल करा. ती ज्या दिवशी तुमची साक्ष ऐकायला येईल (बोलावून पाहा, हट्ट नको) त्या दिवशी तिला कळेल की आईने हात जोडले पण वाकली नाही. ते तिच्या उपयोगी पडेल, चर्चमध्ये आणि पुढे सासरीसुद्धा. हापिसातही पडेल, खरं तर.

जाऊबाईंच्या फेलोशिपबद्दल मला वाईट बोलायचं नाही. तिथेही विश्वासी आहेत, प्रार्थना आहे. पण रागाने मंडळी सोडणारा माणूस आपलं दुखणं सोबत घेऊन जातो, आणि नव्या ठिकाणीही एक दादा असतोच, फक्त त्याला तिथे ब्रदर म्हणतात. निवडणूक होऊ द्या, उपकारस्तुतीचा रविवार होऊ द्या, नाताळ आपल्याच मंडळीत करा. ईस्टरपर्यंत मिस्टर शेवटच्या बाकावरून पुढे आले नाहीत आणि तुमचाही जीव तिथे रमला नाही, तर पुन्हा विचार करा. जायचं ठरलंच तर पाळकसाहेबांना सांगा, दादांनाही घरी जाऊन सांगा, दोघांच्या हातचा चहा घ्या आणि मग जा.